कापलेलं पील पुन्हा येतं

मोठी माय आज सगळ्यांदेखत म्हणाली, “तू तं काहीच बदलना नही रे भाऊ.” कशावरून, ते लिहीत नाही. आवाज माझाच चढला होता, एवढं खरं.

एरवी हसण्यावारी नेलं असतं. पण परवाच्या उपासनेत बायबलमधलं २ करिंथ ५:१७ वाचायला मीच उभा होतो. ‘जुने ते होऊन गेले’ यावर जरा जास्तच जोर दिला होता. ती पुढच्याच बाकावर बसली होती.

दुपारपासून डोक्यात केळीची पिलंच घोळतायत, म्हणजे बुंध्याशेजारी कंदातून फुटणारे कोंब. मृग बागेत, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या केळीत, दर पंधरा-वीस दिवसांनी ती कापावी लागतात. कोयता जमिनीलगत फिरवला की बाग कशी नुकतीच दाढी केल्यासारखी दिसते. आणि थोड्याच दिवसांत त्याच जागी हिरवी सुरळी वर. आपण कापतो तो वरचा भाग, वाढीचा कोंब खाली कंदात शाबूत असतो. चिडून खोल खणावं तर आईच्या, म्हणजे मूळ झाडाच्या, मुळ्या तुटतात. म्हणून जाणता माणूस खणत बसत नाही, वेळेवर पुन्हा कापतो. पाळी चुकली की पील आईच्या वाटचं खत-पाणी ओढतं आणि घड हलका भरतो. पील पुन्हा आलं म्हणून आपल्याकडे कोणी बाग वाया गेली म्हणत नाही. माझ्या बाबतीत मात्र एकदा आवाज चढला की बाप्तिस्म्यापासूनचा सगळा हिशोब निघतो. निघू दे. इतकी वर्षं गुडघे टेकले, त्याचं हेच का फळ, असं मलाही वाटलंच की.

इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय पुन्हा काढला. २२ ते २४ मध्ये कामं तीन आहेत: जुना मनुष्य काढून टाकणं, मनाने नवं होणं, नवा मनुष्य धारण करणं. आपण पहिल्यावरच थांबतो. पुढे २८व्या वचनात पौल चोराचं सांगतो. चोरी सोडली म्हणजे झालं असं तो म्हणत नाही. हातांनी काम करायचं, आणि तेही गरजवंताला द्यायला जवळ काही असावं म्हणून. नुसती चोरी सोडलेला माणूस म्हणजे बेकार चोर. रागाचंही तसंच. मी तोंड मिटून बसतो आणि त्याला सौम्यता समजतो. ते नुसतं कापणं झालं, त्या जागी लावलं काहीच नाही. बागेतही सगळी पिलं कापत नाहीत. निसवण झाली, म्हणजे घड बाहेर पडला, की तलवारीसारख्या अरुंद पानांचं एक जोमदार पील राखतात, पुढच्या पिकाची पील बाग त्याच्यावर. रुंद पानांचं गोंडस पील राखलं की फसगत होते.

गलती ५:२२-२३ मध्ये आत्म्याच्या फळाचे गुण नऊ, पण मूळ ग्रीकात ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे. नऊ फण्या, दांडा एक. मला त्यातली सहनशीलतेची फणी तेवढी सुटी हवी होती.

माफी मागताना बिघडतं ते ‘काही चुकलं असेल तर’ इथे. ‘असेल तर’ म्हटलं की कंद तसाच राहिला. काय बोललो ते शब्द जसेच्या तसे उच्चारायचे, मध्ये ‘पण’ येऊ द्यायचा नाही, आणि समोरच्यानं लगेच विरघळावं अशी वाट बघायची नाही. आधी प्रार्थना, मग माणूस, हा क्रम आपण सोयीचा म्हणून लावून घेतलाय. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपुढे तसंच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय. माझ्या हे सगळं जिभेवर आहे, पायात नाही.

प्रीती ‘चिडत नाही’ असं लिहिणारा पौल स्वतः मार्क नावाच्या सोबत्यावरून आपल्या सहकारी बर्णबाशी असा भांडला, की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ग्रीकात दोन्हीकडे शब्द एकाच मुळातला. पुढे तोच पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहितो, मार्काला बरोबर घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे. मधे बरीच वर्षं गेली होती. बरीच! आम्हा तापट लोकांना हा आधार फार गोड लागतो, म्हणून जपून वापरलेला बरा.

राग धरलेला असताना सूर्य मावळू देऊ नका, हेही त्याच चौथ्या अध्यायातलं, २६वं वचन. तो केव्हाच मावळला. यहुदी मोजणीनं सूर्यास्तालाच पुढचा दिवस लागतो, म्हणजे मी तारीखही चुकवली. मोठी माय आठनंतर फोन उचलत नाही. आठला वीस मिनिटं आहेत, आणि पहिल्याच वाक्यात ‘पण’ येणार हे मला आत्ताच दिसतंय.