शेवटची सहा मिनिटं

काकूंचा फोन आला तेव्हा वाटलं, नेहमीचंच काम. जुन्या सेट-टॉप बॉक्समध्ये एक कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवलाय, तो पेन ड्राइव्हवर हवाय. मुलगा शाळेत असताना टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत गेला होता, तो भाग. 44 मिनिटांचा. बॉक्समधून टकटक आवाज येतो, हे मात्र तिथे गेल्यावर कळलं.

टकटक म्हणजे हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. "डिस्क काढा आणि कॉम्प्युटरला लावा की!" असं सांगणारे सगळीकडे भेटतात. पण हे रेकॉर्डिंग त्याच बॉक्सच्या किल्लीने कुलूपबंद असतं. बाहेर काढलेली डिस्क म्हणजे नुसतं लोखंड. तेव्हा मार्ग एकच: कार्यक्रम बॉक्सवरच चालवायचा आणि बाहेर पडणारं चित्र कॅप्चर कार्डात, म्हणजे येणारं चित्र कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करणाऱ्या यंत्रात, पकडायचं.

मी एचडीएमआय जोडली. सवय, दुसरं काय! कार्डात काळाकुट्ट पडदा, आवाजसुद्धा नाही. तीच केबल टीव्हीला लावली की चित्र लख्ख. केबल बदलली, बॉक्स बंद करून चालू केला. पुन्हा काळोख. पुन्हा बंद, पुन्हा चालू, आणि दर वेळी ती डिस्क धापा टाकत उठायची. शेवटी कार्डाला माझा लॅपटॉप जोडून पाहिला. कार्ड ठणठणीत होतं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली: एचडीसीपी, म्हणजे एचडीएमआयवरचं कॉपी रोखणारं कुलूप.

एचडीएमआयमध्ये चित्र पाठवण्याआधी दोन यंत्रं एकमेकांची ओळख पटवून घेतात. टीव्हीकडे त्यासाठीच्या किल्ल्या असतात. माझ्या कार्डाकडे नव्हत्या, म्हणून बॉक्सने तोंड मिटलं. चोरी थांबवायला केलेली सोय आहे, मान्य. पण हा बॉक्स सरसकट सगळ्यालाच कुलूप लावतो. नवा सिनेमा काय आणि काकूंचा शाळकरी मुलगा काय, त्याला सारखेच.

सहकाऱ्याला फोन केला. "एखादा स्प्लिटर लाव, काही स्प्लिटर लॉक गिळतात," म्हणाला. स्प्लिटर म्हणजे एकच चित्र दोन ठिकाणी पाठवणारी डबी. त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर विकत घ्यायची एक वस्तू असते.

उत्तर माझ्याच बॅगेच्या तळाशी होतं: कंपोनंटची जुनी केबल, चित्र तीन वायरींतून नेणारी. हिरवी, निळी, लाल. नव्या पोरांना वाटतं, हिरव्यातून हिरवा रंग जातो. तसं नाही. हिरव्या वायरीतून जातो वाय, म्हणजे उजेड-अंधार, अख्खं कृष्णधवल चित्र. निळी आणि लाल, म्हणजे पीबी आणि पीआर, फक्त रंगांचा फरक वाहतात. हिरवी एकटी लावली तरी माणूस ओळखू येतो. हिरवी काढली तर काहीच धड दिसत नाही. आवाजाला लाल-पांढरी जोडी वेगळी. म्हणजे पाच वायरी आणि त्यात लाल दोन, गोंधळ हमखास इथेच होतो. मी आवाजाच्या लाल वायरीला चिकटपट्टी लावून ठेवतो. अ‍ॅनालॉग असल्यामुळे इथे कुणी कुणाची ओळख विचारत नाही. म्हणून तर ही वाट बुजवत आणली. ब्लू-रेच्या नियमांत तर 2010 नंतरच्या प्लेअरांना डिस्कवरचं संरक्षित चित्र अ‍ॅनालॉगमधून फक्त साध्या दर्जाचं देता येतं, आणि 2013 नंतरच्यांना अजिबात नाही. काकूंचा बॉक्स जुना होता हे नशीबच.

तरी एक मेख होतीच. एचडीएमआय उपसून काढल्याशिवाय त्याचा कंपोनंट बोलेना. काढली, बॉक्स पुन्हा चालू केला, 1080आय हा एचडी दर्जा निवडला आणि कार्डाच्या खिडकीत चित्र आलं. तेल लावून चापून बसवलेले केस, बझरवर हात ठेवून बसलेला पोरगा. काकू मागे उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत.

रेकॉर्डिंग 12 एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला 12 मेगाबिटवर, लावलं. अडतिसाव्या मिनिटाला चित्र गोठलं. टकटक वाढली आणि मग तीही थांबली. बॉक्स सुरू झाला, पण डिस्क सापडेना. हाती लागली ती साडेतीन जीबीच्या आतली एक फाइल. निकाल आणि बक्षीस शेवटच्या सहा मिनिटांत होतं.

मी काळ्या पडद्यापायी चार वेळा तरी बॉक्स बंद-चालू केला होता. मरू घातलेल्या डिस्कला सगळ्यात जड जातं ते पुन्हा पुन्हा उठणं, हे मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगत असतो. पहिल्याच फटक्यात कंपोनंट लावली असती तर? कदाचित अडतिसाव्या मिनिटाला तसंच झालं असतं. कदाचित नसतंही.

हे काकूंना सांगितलं, सगळं नाही, पण बरंचसं. त्या म्हणाल्या, "निकाल मला ठाऊक आहे, तिसरा आला होता."

आठवड्याने त्यांचा फोन आला. बॉक्स एकदा गार असताना लावून बघू का? मी म्हटलं, नको, हातही लावू नका, डेटा रिकव्हरीवाल्यांना विचारू. सल्ला बरोबरच होता. पण त्या बॉक्ससमोर परत जाऊन उभं राहायचं नव्हतं, हेही होतंच.