फक्त पंपाच्या दुधावर बाळ: सगळं अडतं ते फनेलपाशी

"दूध कमी पडतंय गं हिला" हे बाळंतिणीच्या खोलीत जो येतो तो बोलून जातो. "फनेलचं माप बघितलंस का?" असं विचारणारं एकही माणूस मला भेटलं नाही. दवाखान्यात नाही, दुकानात नाही, पंपाच्या कंपनीकडे तर नाहीच. बाळ अंगावर लागत नाही म्हणून चोवीस तास दूध काढून पाजायचं, हा मार्ग ऐकायला वाटतो तितका अवघड नाही. बाटल्या, फ्रिज, धुणं, वेळा हे सगळं थोड्याच दिवसांत अंगवळणी पडतं. घोडं अडतं ते पंपाच्या, छातीला लावायच्या त्या पारदर्शक फनेलपाशी. म्हणून आधी तेच सांगते, बाकीचं आठवेल तसं.

पंपाच्या खोक्यात बहुधा २४ मिलिमीटरचं फनेल येतं, सोबत कधी २७ किंवा २८ चं. काही जणी त्याला फ्लँज म्हणतात, काही कप. हा आकडा फनेलच्या रुंद तोंडाचा नसतो, आतल्या बोगद्याच्या व्यासाचा असतो. पंप ओढतो तेव्हा त्या बोगद्यात फक्त स्तनाग्र जायला हवं. ब्राच्या मापाशी याचा काडीचा संबंध नाही. भरलेल्या छातीला १५ चं फनेल लागू शकतं आणि सडपातळ बाईला २४ चं. तरी दुकानात आपल्याकडे एक नजर टाकून "मोठी साइज न्या" सांगणारे भेटतातच.

आता १६ मिमीचं स्तनाग्र २४ च्या बोगद्यात घातलं तर काय होतं ते बघा. चारी बाजूंनी ४-४ मिमी जागा रिकामी. पंप ती रिकामी ठेवत नाही, भोवतीचा काळसर भाग आत ओढून घेतो. दूध वाहून आणणाऱ्या नलिका त्याच भागाखाली असतात. त्या दबल्या, वर सूज आली की दूध मागेच अडतं. २० मिनिटं पंप चालवून बाटलीच्या बुडाला जेमतेम ३० मिली आणि छाती होती तितकीच जड, हे याचं ठरलेलं लक्षण. असं दूध रोज मागे राहिलं की शरीर समजतं, एवढ्याची गरजच नाही. मग ते बनवणंच कमी करतं. सुरुवातीला जे "दूध कमी" खोटं होतं ते अशा रीतीने काही आठवड्यांत खरं होऊन बसतं. तोवर घरात अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी यांची रांग लागलेली असते. खा, बाळंतिणीने पोटभर खायलाच हवं. पण लाडवांनी बोगद्याची रुंदी बदलत नाही.

कंपनीच्या हेल्पलाइनवरून मला उत्तर मिळालं, "मॅडम, सक्शन वाढवून बघा." अजून आठवलं की डोकं सणकतं. दुखायला लागलं की पान्हा अडतो, कारण दूध पुढे ढकलणारं ऑक्सिटोसिन वेदनेने आणि ताणाने दबतं. शिवाय ओढ वाढवली की सूज वाढते आणि सुजलेलं स्तनाग्र त्याच फनेलमध्ये घट्ट वाटू लागतं. मग पुढचा सल्ला तयार असतो: "एक साइज मोठी घ्या." या दोन सल्ल्यांच्या मध्ये कितीतरी बायांचं दूध आटत असेल. सक्शनचा नियम साधा आहे. न दुखता जेवढं सहन होईल तेवढं, आणि तिथून एक पायरी खाली.

माप घरीच घ्यायचं, तेही पंप लावण्याआधी. पंप झाल्यावर स्तनाग्र फुगलेलं असतं आणि आकडा हमखास मोठा येतो. मोजायचं ते स्तनाग्राच्या बुडाशी, भोवतीचं काळसर वर्तुळ धरायचं नाही. शाळेच्या कंपासपेटीत वर्तुळाकार भोकांची प्लास्टिकची पट्टी असेल तर स्वच्छ धुऊन तीच वापरा. नसेल तर कागदाची अरुंद पट्टी बुडाभोवती न आवळता गुंडाळा, जिथे टोक जुळतं तिथे खूण करा, पट्टी सरळ करून लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. ५० मिमी आली तर व्यास १६. डावी-उजवी वेगवेगळी मोजा, दोन्हींत २ मिमीचा फरक निघाला तर दचकू नका. जुन्या तक्त्यांत या आकड्यात ४ मिमी मिळवायला सांगतात. हल्ली ० ते ३ मिळवतात, आणि माझं मत विचाराल तर कमी बाजूने सुरुवात करा. १६ आलं तर आधी १७, मग १५ आणि १९ लावून बघायचं.

ही मापं अख्ख्या फनेलमध्ये शोधत बसू नका, औषधांच्या दुकानात ती सहसा नसतात. सिलिकॉनचे इन्सर्ट मिळतात, १३ पासून २१ पर्यंत, ते २४ च्या बोगद्यात बसवायचे. तुमचं फनेल २७ किंवा २८ चं असेल तर इन्सर्ट त्यालाही बसतो का हे घेण्याआधी विचारा. बहुतेक २४ साठीच बनवलेले असतात, मोठ्या बोगद्यात ते सैल पडतात आणि हवा सुटते. इन्सर्ट कोरडा असताना बसवा आणि कड बोटाने चारी बाजूंनी दाबून घ्या. इन्सर्ट आणि फनेल यांच्या फटीत दूध साचत असेल तर तो नीट बसलेला नाही.

मापाची खरी परीक्षा पंप चालू असताना होते. वाकून त्या बोगद्यात बघा. स्तनाग्र मधोमध, मागे-पुढे मोकळं सरकतंय आणि काळसर भागाची जेमतेम कड आत येतेय, म्हणजे जमलं. काळसर भाग पार आत जातोय, तर बोगदा मोठा. स्तनाग्र भिंतीला घासतंय किंवा जागचं हलतच नाही, तर लहान. पंप काढल्यावर बुडाशी पांढरी कडी उमटली, टोक जांभळट दिसलं, तर माप चुकलंय. काही जणींची त्वचा लवचिक असते, योग्य मापातही ती रबरासारखी लांब ओढली जाते. त्यांनी सक्शन कमी ठेवायचं आणि मऊ सिलिकॉनचं फनेल घ्यायचं. घासत असेल तर बोगद्याच्या कडेला खोबरेल तेलाचं एक बोट पुरतं. काही आठवड्यांनी पुन्हा मोजा, सुरुवातीची सूज उतरली की माप एखाद-दोन मिमी खाली येतं.

माप बरोबर आहे आणि तरी दूध अचानक कमी झालं, तर संशय झडपेवर घ्या. बदकाच्या चोचीसारखी दिसणारी ती छोटी सिलिकॉनची झडप दिवसातून आठ वेळा पंप चालताना सतत उघडझाप करून सैल होते. पूर्णवेळ पंप करणारीने ती एक-दोन महिन्यांत बदलायची, चीर उघडी राहताना दिसली तर त्याआधीच. तिच्या चिरेत ब्रश घालू नका, चीर फाकते आणि ओढ जाते. बोटाने हलकेच चोळून वाहत्या पाण्याखाली धरा. दोन झडपा कायम घरात हव्यात. त्या नेमक्या रविवारी रात्री जातात.

वेळांचं सांगायचं राहिलंच. पहिले दोन-तीन महिने दिवसाकाठी ८ ते १० वेळा, दोन्ही बाजू एकदम, १५ ते २० मिनिटं. रात्री १ ते ५ च्या मधली एक वेळ चुकवू नका, दूध बनवणारं प्रोलॅक्टिन तेव्हा चढतं असतं. सुरुवातीच्या आठवड्यांत पाच तासांहून मोठा खंडच नको. पंपाचे दोन प्रकारचे ठोके असतात. आधी भराभर आणि हलके, पान्हा फुटेपर्यंत. दुधाची धार लागली की संथ आणि खोल. बरेच पंप दोन मिनिटांनी आपोआप बदलतात, तुमची धार आधीच लागली तर बटण दाबून तुम्हीच बदला. चालू असताना हाताने छाती बाहेरून आत हलकी दाबत राहिलात तर जास्त निघतं. नुसतं यंत्रावर सोडू नका.

अगदी पहिल्या दोन-तीन दिवसांत पंपाच्या फंदात पडू नका. चीक दाट आणि थेंबभर असतो, तो पंपाच्या भिंतींनाच चिकटून संपतो. हाताने काढा आणि चमच्यात किंवा सुई नसलेल्या सिरिंजमध्ये धरा. अंगठा आणि तर्जनी काळसर भागाच्या कडेवर, आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचं, मग दोन्ही बोटं जवळ आणायची. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत. जन्मानंतर पहिल्या काही तासांतच सुरू करायचं. तुमच्या रुग्णालयात मातृदुग्ध पेढी (आयांनी दान केलेलं दूध साठवणारी) असेल तर हे तिथल्या सिस्टरकडून शिकून घ्या, त्यांचा हात बसलेला असतो. आशियातली पहिली अशी पेढी मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. आता बऱ्याच मोठ्या सरकारी रुग्णालयांत आहेत.

किती दूध पुरे? एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधावरचं बाळ दिवसाला सरासरी ७५० मिलीच्या आसपास पितं आणि हा आकडा महिन्यागणिक फारसा चढत नाही. पावडरीच्या डब्यावरचा तक्ता मात्र चढत जातो. घरचे तो तक्ता बघून म्हणतात, चार महिन्यांच्या बाळाला एवढंच? १९९२ च्या कायद्यामुळे त्या डब्यावर आईचं दूध सर्वोत्तम असंही छापावं लागतं, ते कुणी वाचत नाही. बाळाचं वजन वाढतंय, दिवसाला सहा-सात लंगोट ओले होताहेत, मग तक्ता मिटून ठेवा. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं उत्तम. बाटली घेतलीत तर बाळाला बसतं धरा, बाटली आडवी, आणि मधे मधे थांबा.

साठवणीत नियम मोजके आहेत. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस, वेगळ्या दाराच्या डीप फ्रीझरमध्ये ६ महिने. एकदाराच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्याला दोन आठवड्यांपलीकडे भरवसा नाही. एप्रिल-मेमध्ये नागपूर, जळगावला खोली २५ अंश कुठली असणार? तिथे काढलं की थेट फ्रिजमध्ये, आतल्या बाजूला, दारात नाही. कोमट दूध थंड दुधात ओतू नका, आधी गार होऊ द्या. पिशवीत ६० ते १०० मिलीच भरा, वर दोन बोटं जागा सोडा आणि आडवी गोठवा. तारीख भरण्याआधी लिहा, भरलेल्या पिशवीवर पेन चालत नाही. वितळलेलं दूध फ्रिजमध्ये २४ तासांत संपवायचं, बाळाने उष्टावलेलं दोन तासांत. वीज गेली तर फ्रीझरचं दार उघडून बघत बसू नका. नंतर दुधात बर्फाचे कण शिल्लक असतील तर ते परत गोठवता येतं. गरम करायला कोमट पाण्याचं भांडं, गॅस किंवा मायक्रोवेव्ह नाही. गोठवलेल्या दुधाला साबणासारखा वास आला तर ते नासलेलं नसतं, लायपेज नावाच्या विकराचं ते काम. बाळ तोंड फिरवत असेल तर पुढचं दूध गोठवण्याआधी कडेला बुडबुडे येईतो तापवून लगेच गार करा, उकळू द्यायचं नाही.

सुटे भाग सिंकमध्ये टाकू नका, सिंक घरातल्या सगळ्यांत घाण जागांपैकी एक. वेगळं घमेलं, वेगळा ब्रश. बाळ दोन महिन्यांचं होईतो रोज एकदा उकळून घ्या. नळ्या मात्र धुवायच्या नाहीत, त्यांत दूध शिरलं तरच. प्रत्येक वेळी धुवायचा कंटाळा येणारच, त्यावर तोडगा म्हणजे भागांचे तीन संच, आणि पैसे त्यातच घाला. ब्रामध्ये घालून फिरायच्या पंपावर पूर्णवेळ भिस्त ठेवू नका, तो प्रवासाला ठीक.

छातीत दुधाची गाठ आली की मालिशवाल्या मावशी तेल लावून रगडायला सरसावतील. छाती त्यांच्या हाती द्यायची नाही. २०२२ पासूनचा वैद्यकीय सल्ला वेगळा आहे: बर्फाचा शेक, हलका हात, डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेन, आणि "सगळं रिकामं करते" म्हणून जादा पंपिंग करायचं नाही. जादा काढलं की जादा बनतं आणि गाठ तिथेच राहते. ताप १०१ च्या वर गेला किंवा लाल, गरम चट्टा २४ तासांत उतरला नाही तर डॉक्टर.

नोकरीवर परतणाऱ्यांनी बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंतच्या दोन स्तनपान-सुट्या लेखी मागा, जेवणाच्या सुटीहून वेगळ्या. त्या कायद्यात आहेत. बाथरूममध्ये बसा म्हणाले तर साफ नाही म्हणा. आतून कडी, एक खुर्ची, एक प्लग, एवढंच लागतं.

तीन महिन्यांनंतर दूध स्थिरावलं की वेळा कमी करता येतात, एका वेळी एकच. एक वेळ सोडली की चार-पाच दिवस थांबून दिवसाचा एकूण आकडा बघा, टिकला तर पुढची. छाती दाटली तर बरं वाटेल इतपतच काढा आणि थांबा.