पुणे–ताम्हिणी–गुहागर: घाट सोपा, माणगाव अवघड आणि 'डी'त थरथरणारी गाडी

"गिअरबॉक्स गेलाय, टॉर्क कन्व्हर्टर बदलावा लागेल. ४५ हजार धरून चला." महामार्गालगतच्या एका गॅरेजात बॉनेटही न उघडता मला हे सांगण्यात आलं. (टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग.) प्रत्यक्षात निघाली पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातला वायू परत आत ओढून घेणाऱ्या, रबरी पाइपला पडलेली चीर. पाइप आणि मजुरी मिळून ७५० रुपये. ऑटोमॅटिक गाडी घेऊन या रस्त्याने कोकणात उतरणाऱ्यांनी निघण्याआधी हे वाचाच.

भूगाव-पिरंगुटच्या गर्दीतच थरथर सुरू झाली होती. गाडी उभी, पाय ब्रेकवर, गिअर 'डी'त (ड्राइव्ह), की स्टिअरिंग आणि सीट हादरायची. 'एन'ला (न्यूट्रल) टाकली की शांत. मुळशीपासून घाट उतरेपर्यंत मात्र काहीच तक्रार नाही, चढावर ओढही पूर्ण. ताम्हिणीबद्दल एवढंच, रस्ता चांगला आहे.

माणगावात हाल झाले. बाजारपेठेतून जाणारा महामार्ग, समोरून एसटी, दोन्ही बाजूंनी घुसणाऱ्या रिक्षा, एसी चालू आणि गाडी मुंगीच्या गतीने. आरपीएमचा काटा ५०० च्या खाली जायचा, इंजिन आता बंद पडतंय असं वाटायचं. एसी बंद केला की जरा बरं. त्या कोंडीतून सुटल्यावर दिसलं त्या पहिल्या गॅरेजात शिरलो आणि ते ४५ हजार ऐकले.

गाडी उभी असताना 'डी' टाकला की टॉर्क कन्व्हर्टर इंजिनावर भार टाकतो. धडधाकट इंजिन तो सहज पेलतं. अशक्त इंजिन 'एन'मध्ये कसंबसं निभावतं आणि 'डी'त उघडं पडतं. म्हणून आधी इंजिन तपासायचं, गिअरबॉक्सला हात शेवटी. एएमटी गाडीला, म्हणजे साधाच गिअरबॉक्स पण क्लच आपोआप चालणाऱ्या गाडीला, हे लागू नाही. तिथे ब्रेकवर उभं असताना क्लच सुटलेला असतो.

पुढे चिपळूणच्या मिस्त्रींनी आधी गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. कोड पी ०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. आयडलिंगला फ्यूएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय ते, अधिक २० च्या वर, २५०० आरपीएमला जवळजवळ शून्य. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे कुठूनतरी जादा हवा शिरत असली की असंच दिसतं. वेगात इंजिन इतकी हवा ओढतं की ती गळती नगण्य ठरते. म्हणून घाटात त्रास नाही आणि माणगावात जीव नकोसा. त्यांनी पाइप बोटांनी दाबला, काटा लगेच स्थिर. असा माणूस भेटला की पैशांची घासाघीस करू नका.

वाटेत तुमच्यावर ही वेळ आली तर हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, गाडीसमोर कुणी उभं राहू नका. ब्रेक घट्ट दाबून 'डी' आणि 'आर' (रिव्हर्स) दोन्ही टाकून बघा. आरपीएमचा काटा स्थिर आहे, पण गाडीचं अंग हादरतंय आणि एका गिअरात जास्त हादरतंय, तर बहुधा इंजिनाचं माउंटिंग (इंजिन टेकतं ते रबर) गेलंय. काटाच नाचत असेल तर व्हॅक्यूमचे पाइप, घाण झालेली थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप), प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) हे बघायचं. कोड पी ०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, आला तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल खराब. तसाच राहिला तर प्लग आणि इंजेक्टर तपासा. गळती शोधायला गरम इंजिनावर पेट घेणारा स्प्रे मारू देऊ नका, आग लागू शकते. मोबाइलला जोडायचा, असे कोड वाचणारा स्वस्त ओबीडी स्कॅनर घरूनच घेऊन निघा.

एक तपासणी घाटाआधी कराच. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पाय दाबूनच ठेवा आणि गाडी चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर ब्रेक बूस्टरकडे (पायाचा जोर वाढवणारा भाग) जाणारा पाइप फुटलेला असू शकतो. मग घाट उतरायचा नाही, टोइंग बोलवायचं.

गुहागर छान, समुद्र स्वच्छ. परतताना कुंभार्ली घाटाने कोयनानगर, पाटण करत कऱ्हाडला आलो, गाडी कुठेही थरथरली नाही. कुटुंब सोबत असेल आणि गाडीची शंका असेल तर जातानाही हाच रस्ता घ्या. लांब पडतो, पण माणगाव टळतं. ताम्हिणीनेच जायचं तर माणगाव सकाळी सातच्या आत पार करा; शनिवारी दुपारी तिथे मुळीच जाऊ नका.