शिक्का नसलेला रेफरन्स, कंबरदुखी आणि झोपून म्हटलेली रामरक्षा – माझा अनुभव

कंबर कशी आहे असं बरेच जण विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आधीच अमुक देवाला जाऊन या, फरक पडतो, असंही सांगतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. देवाचं मी करतेच, ते खाली येईल, पण आधी त्या रेफरन्सच्या कागदाबद्दल (एका विभागातून दुसऱ्या विभागात दाखवायला देतात ती चिठ्ठी) बोलू दे कारण तो राग अजून उतरलेला नाही.

झालं असं की स्कूटरवर मागे बसले होते, पाय एका बाजूला सोडून, आणि पांढरे पट्टे नसलेला स्पीडब्रेकर आला. पडलेसुद्धा नाही हो, नुसती उडाले आणि परत सीटवर आपटले. एल-१ मणक्याला, म्हणजे कमरेच्या सगळ्यात वरच्या मणक्याला वेज फ्रॅक्चर, म्हणजे मणका पुढच्या बाजूने चेपला. ऑपरेशन लागलं नाही. ब्रेस, विश्रांती, कॅल्शियम, डी व्हिटॅमिन, सगळं नीट पार पडलं आणि एक्सरेत हाड जुळलेलं दिसलं. दुखणं मात्र तिथेच. वर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला की तळहाताला घाम, रिक्षा खड्ड्यात गेली की अख्खं अंग आवळून धरायचं, आणि रात्री झोपेत तोच दणका परत बसायचा की मी दचकून उठून बसायचे.

ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या विभागाच्या, ओपीडीतल्या तरुण डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर धरली आणि म्हणाले छान जुळलंय, आता काही नाहीये. मी म्हटलं, अहो पण दुखतंय. वजन कमी करा म्हणाले. पेन क्लिनिक, म्हणजे न जाणाऱ्या दुखण्यांसाठीचा वेगळा दवाखाना, नावाची गोष्ट असते हे मला मैत्रिणीकडून कळलं, तिच्या वडिलांना नागीण होऊन गेल्यावर जी आग व्हायची त्यासाठी तिथे दाखवलं होतं. (बऱ्याच ठिकाणी हे क्लिनिक भूलतज्ज्ञ चालवतात, त्यामुळे ऑर्थोच्या मजल्यावर शोधत फिरू नका.) मी स्वतःच विचारलं म्हणून डॉक्टरांनी रेफरन्स लिहून दिला, आणि इथून पुढे सुरू झाली खरी करमणूक.

पेन क्लिनिक फक्त बुधवारी. बुधवारी गेले तर खिडकीवरचे काका म्हणाले, सही आहे, शिक्का नाहीये. शिक्का ऑर्थोमध्ये, ऑर्थोची आमची युनिट सोमवारी आणि गुरुवारी. गुरुवारी गेले तर ते डॉक्टर बदलून गेलेले, नवीन डॉक्टर म्हणतात मी तुम्हाला तपासलंच नाही तर शिक्का कसा मारू, नवीन केसपेपर काढा. काढला. परत रांग, परत तपासणी, परत तेच, जुळलंय छान. या वेळी शिक्का मिळाला पण डायग्नोसिसच्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकून 'फंक्शनल' असं लिहिलं. मला वाटलं असेल काहीतरी. पुढच्या बुधवारी खिडकीवर काकांनी ते वाचून कागद सरळ परत सरकवला, याला आधी मानसोपचारची चिठ्ठी लागते. म्हणजे भर रांगेत, मागे दहा माणसं उभी असताना, मला कळलं की डॉक्टरांच्या मते हे दुखणं मनाचं आहे. तोंडावर का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर निदान भांडले असते.

मानसोपचारला गेले. तिथल्या मॅडम मात्र सोन्यासारख्या. झोप, स्वप्नं, स्कूटर, सगळं विचारलं आणि म्हणाल्या की अपघाताचा धक्का आहे तुम्हाला, त्यावर आपण काम करू, पण कंबर दुखतेय ती खरीच दुखतेय, पेन क्लिनिकला दाखवाच. तसं लिहूनही दिलं. घेऊन गेले खिडकीवर. तर काका म्हणतात रेफरन्स ऑर्थोचाच पाहिजे, हा मानसोपचारचा आहे!

हे सगळं मी कशावर बसून केलं ते पण ऐका. स्टीलची भोकं असलेली, मागे कललेली, एकाला एक जोडलेली बाकडी. ज्यांना बसवत नाही अशांच्या ओपीडीबाहेर ही बाकडी कोणी निवडली देव जाणे. मी भिंतीला पाठ टेकून उभी राहायचे, दोन्ही गुडघे थोडे वाकवून, आणि ओठातल्या ओठात रामरक्षा.

शेवटी सोडवलं ते ऑर्थोच्या एका वयस्कर सिस्टरनी. त्यांनी माझं जुनं डिस्चार्ज कार्ड मागितलं, त्यावरची फ्रॅक्चरची तारीख डॉक्टरांपुढे ठेवली आणि म्हणाल्या सर, एल-१ वेज फ्रॅक्चरनंतरची क्रॉनिक कंबरदुखी असंच लिहा ना. लिहिलं त्यांनी! एवढंच करायचं होतं. तेव्हा तुम्ही जाल तर कागद हातात आल्यावर खिडकीपासून हलायच्या आधी तीन गोष्टी बघा, सही, शिक्का आणि डायग्नोसिसमध्ये नेमकं काय लिहिलंय. न कळणारा शब्द असेल तर तिथेच अर्थ विचारा, लाजू नका.

पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? तीन महिन्यांच्या वर टिकलं की त्याला क्रॉनिक म्हणतात, तेव्हा तुम्ही काही नाटक करत नाही आहात. मी तिथेच रडले. हाड जुळलं तरी नसा सावध राहतात, दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो तसं त्यांचं झालंय, असं त्यांनी समजावलं. गोळी दिली अ‍ॅमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम, रात्री. मेडिकलवाला सगळ्यांसमोर म्हणाला ही डिप्रेशनची गोळी आहे, कोणासाठी? तर ऐकून ठेवा, गोळी मूळची डिप्रेशनचीच, पण इतक्या कमी डोसमध्ये नसांच्या दुखण्यासाठीही देतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडं जड वाटतं. मनाने सुरू करू नका आणि मनाने बंदही करू नका.

आता देवाचं. मांडी घालता येत नाही, वाकून नमस्कार येत नाही, म्हणून ह्यांनी देवघर ओट्याच्या उंचीवर आणलं. आणि रामरक्षा मी पलंगावर पडून म्हणते, गुडघ्यांखाली उशी. सासूबाई म्हणाल्या, झोपून देवाचं नाव? म्हटलं आई, बसून घेतलं तर माझं सगळं लक्ष कमरेकडे, देवाकडे कुठे. त्यावर काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी उशी मात्र त्यांनीच आणून ठेवली. रामरक्षेत जे कवच आहे ते डोक्यापासून सुरू होऊन कपाळ, डोळे, कान असं करत पायापर्यंत उतरतं. मी प्रत्येक अवयवाला थांबून तिथला ताण सोडते, एकेक श्वास. 'सुग्रीवेशः कटी पातु' आलं की जास्त वेळ थांबते. दुखणं जातं असं नाही म्हणणार, पण त्याच्याभोवती जे आवळून धरलेलं असतं ते सैल पडतं.

पण अपघाताच्या धक्क्यासाठी ज्यांच्याकडे जात होते त्या काउन्सिलरनी यातच एक खोट काढली आणि तेव्हा मला जाम राग आला होता. स्कूटरची भीती घालवायला आधी बंद स्कूटरजवळ उभं राहायचं, मग स्टँडवर असताना बसायचं, मग गल्लीत एक चक्कर, असं हळूहळू चाललं होतं. मी डोळे घट्ट मिटून भराभरा रामरक्षा म्हणत बसायचे. त्या म्हणाल्या, तुम्ही तिथे नसताच, मग भीती जाणार कशी? डोळे उघडे ठेवा, रस्ता बघा, हवं तर मग म्हणा. पटायला वेळ लागला पण बरोबर होतं ते. आता स्पीडब्रेकर दिसला की डोळे उघडे आणि सावकाश म्हणते. अजून धस्स होतं, पण 'थांबव' म्हणत नाही.

एकादशी सोडली, कारण जेव्हा पेनकिलर लागते तेव्हा ती उपाशीपोटी घ्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. इगतपुरीला विपश्यनेला जा असंही एकीने सुचवलं होतं, पण तिथे दहा दिवस रोज तासन्‌तास बसायचं असतं, सध्या तरी नको.

बाकी जे उपयोगी पडलं ते म्हणजे पोळ्या दोन टप्प्यांत आणि उंच स्टुलावर बसून. बरं वाटलं म्हणून त्या दिवशी माळे काढायचे नाहीत, नाहीतर पुढचे दोन दिवस आडवं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून, थेट कातडीवर नाही. वहीत रोज ० ते १० मध्ये दुखण्याचा आकडा, डॉक्टर तोच विचारतात. आणि काउन्सिलर लगेच मिळत नसेल तर सरकारची टेली मानस ही मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

अरे हो, एमआरआयची फिल्म न्या, नुसती सीडी नेली तर बघायला कॉम्प्युटर रिकामा नसतो. आणि त्या बाकड्यासाठी घरून एक पातळ उशी.