वीज पडलेला कातळ

प्रयोगशाळेत एखादा आलेख पहिल्याच खेपेला सरळ आला, की माझ्या पोटात गोळा येतो. त्या तीन कोअरचा, म्हणजे ड्रिलने कातळातून काढलेल्या दंडगोल तुकड्यांचा, आलेख तसाच आला होता. हरिहरेश्वरपासून थोड्या अंतरावर, समुद्राकडे उतरणाऱ्या कातळाच्या वरच्या कडेवरून मी ते काढले होते. दख्खनचा काळा दगड, बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हिशेबाने निघालेलं तेव्हाचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आजच्या जवळजवळ दुप्पट! कोकण किनाऱ्यावर आज ते 42-43 मायक्रोटेस्ला आहे.

आमचं काम थोडक्यात असं. लाव्हा थंड होताना त्यातले मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या भूचुंबकीय क्षेत्राची खूण धरून ठेवतात. क्षेत्र जोरकस, तर खूण जोरकस. एमिल आणि ओडेट थेलिए या दांपत्याची 1959 सालची पद्धत याच प्रमाणावर उभी आहे. दगड टप्प्याटप्प्याने 580 अंशांपर्यंत तापवायचा, दर टप्प्याला मूळ चुंबकत्व किती गेलं ते मोजायचं आणि आपल्याला माहीत असलेल्या क्षेत्रात नवं किती भरलं तेही मोजायचं. या दोहोंचं गुणोत्तर सगळ्या टप्प्यांवर सारखं राहिलं, तर आलेख सरळ येतो आणि जुन्या क्षेत्राचा आकडा मिळतो.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण तापवताना खनिजच बदललं, तर हिशेब बिघडतो. कण मोठे असले तर आलेखाची रेषा वाकते. हवाईतल्या किलाउआचा 1960 चा लाव्हा तर आपल्या डोळ्यांदेखत थंड झालेला. तिथलं क्षेत्र सुमारे 36 मायक्रोटेस्ला होतं हे आधीच माहीत. तरी त्याच दगडातून याहून बरेच चढे आकडे निघालेत. उत्तर माहीत असताना ही गत, मग कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दगडाचं काय? म्हणून आम्ही मध्येच मागे जाऊन आधीचा टप्पा पुन्हा तापवून बघतो. खनिज बदललं असेल तर ते तिथे कळतं.

माझे तिन्ही कोअर या तपासणीतून व्यवस्थित पार पडले होते. खटकत होतं ते वेगळंच. तापवण्याआधीच त्यांचं चुंबकत्व त्याच थरात खालून काढलेल्या कोअरपेक्षा कितीतरी पट जास्त होतं आणि तिघांच्या दिशा तीन तऱ्हेच्या. एकाच थरात असं होऊ नये.

म्हणून मी परत गेले, या वेळी ड्रिल न घेता. सोबत साधं होकायंत्र आणि मोजपट्टी. कोअर काढताना दिशा मी सूर्य-होकायंत्राने घेतल्या होत्या, कारण बेसॉल्टजवळ सुई भरवशाची नसते. त्यामुळे साधं होकायंत्र तेव्हा पिशवीतून बाहेरच आलं नव्हतं. ते काढायला हवं होतं, ही चूक माझी.

कडेवर मी होकायंत्र कातळाला टेकवून एकेक वीत सरकवत गेले. आधी सुई उत्तरेवर नीट होती. मग ती पूर्वेकडे झुकू लागली, वीस अंश, चाळीस, साठ. आणखी दोन विती पुढे गेले तर गर्रकन फिरून पश्चिमेला! मी मागे घेतलं, पुन्हा पुढे नेलं. तेच. दगडावर खडूने खुणा केल्या, तर सुई उलटण्याच्या जागा जोडून एक वेडीवाकडी रेघ तयार झाली आणि माझ्या तिन्ही भोकांच्या अगदी शेजारून गेली.

वरच्या काजूच्या बागेतल्या आजी केव्हापासून बघत होत्या. म्हणाल्या, "अगो, त्या कडेला कशाला बसलीस? तिथं वीज पडलेली."

"कधी, आजी?"

"माझा धाकटा पोटात होता तेव्हा. काजूचं झाड उभं फाटलेलं. त्याचा खुंट आहे बघ तुझ्या मागं."

खुंट खरंच होता, पाठीमागे चार पावलांवर. वीज जमिनीत शिरते तेव्हा तिच्या प्रवाहाभोवती क्षणभर प्रचंड चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि आसपासचा कातळ नव्याने चुंबकित होतो. प्रवाहाच्या दोन्ही बाजूंना हे चुंबकत्व परस्परविरुद्ध असतं, म्हणून सुई उलटते. माझा दुप्पट आकडा त्या विजेचा होता, डायनोसॉरच्या काळाचा नव्हे.

आणि तपासणीत तो पार का पडला, हे तिथेच उमगलं. मागे जाऊन तापवलं की दगड भट्टीत बदलला का, एवढंच कळतं. त्यातलं चुंबकत्व मुळात थंड होतानाच आलं होतं का, हे ती तपासणी विचारतच नाही. वरच्या कडेचा नमुना घेणं सोपं असतं, हात पोचतो, ड्रिल बसतं. आणि वीजही तिथेच पडते. जुन्या क्षेत्रांच्या याद्यांमध्ये असे किती आकडे बसले असतील, या विचाराने मला त्या उन्हात घाम फुटला.

आजींनी कोकम सरबत दिलं. मी वहीत तिन्ही कोअरच्या नावांपुढे लाल शाईने 'वीज' लिहिलं, आकडे खोडले नाहीत. मग भरतीचं वेळापत्रक पाहिलं. ओहोटी साडेतीनला होती. लाटांनी घासून काढलेला खालचा कातळ तोवर उघडा पडणार होता. होकायंत्र हातातच ठेवून मी खाली उतरायला लागले.