विरजणापुरतं

भाच्याने पाठवलेला प्रोग्रॅम माझ्या डेस्कटॉपवर चालेना, तिथून हे सगळं सुरू झालं. प्रोग्रॅम कसला, हॉस्टेलच्या मेसचा हिशोब मांडणाऱ्या चाळीसेक ओळी. पण त्यात वरच त्याने सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं 'फॉरमॅट' नावाचं हेडर, म्हणजे तयार सामानाची फाइल, मागवलं होतं, आणि माझ्या उबुंटू २२.०४ या लिनक्सवरचं जीसीसी ११, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर, सरळ म्हणालं, असली फाइल आपल्याकडे नाही. "मामा, तुझा कंपायलर म्हातारा झालाय," फोनवरून निदान झालं. हे हेडर जीसीसीत आलं १३व्या आवृत्तीत, २०२३ साली. माझं ११ निघालं होतं २०२१ मध्ये. दोन वर्षांत म्हातारपण! माझ्या वयाबद्दल पुढे काही बोलणं होण्याआधी मी फोन ठेवला.

तयार पॅकेज मिळतं, हे मलाही ठाऊक आहे. दोन कमांड द्यायच्या, चहा होईपर्यंत काम फत्ते. पण रविवार होता, पाऊस लागला होता, आणि आपल्या हाताने एकदा तरी कंपायलर बांधायचा हे कॉलेजपासून राहून गेलेलं. कोपऱ्यावरच्या डेअरीत दही मिळतं म्हणून आमच्या आईने घरी लावायचं थांबवलेलं नाही, तशातलाच प्रकार.

जीसीसी १३.२ चा सोर्स, म्हणजे माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर, उतरवला. गाठोडं शंभर एमबीच्या आतलं, सोडल्यावर त्याचा पसारा होतो. पहिला नियम असा की सोर्सच्या फोल्डरमध्ये बांधकाम काढायचं नाही, शेजारी वेगळं रिकामं फोल्डर करून तिथे बसायचं. मग 'कॉन्फिगर' चालवायचं. ते पूजेला आलेल्या गुरुजींसारखं एकेक विचारत जातं. सुपाऱ्या? आहेत. विड्याची पानं? आहेत. असेंबलर? आहे. लिंकर? आहे. आणि मग मध्येच थांबून, जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी? नाहीत. झालं, गुरुजी उठले. या तीन गणिताच्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच. जीएमपी कितीही मोठे पूर्णांक हाताळते, एमपीएफआर दशांशाचं गणित नेमक्या राउंडिंगने करते, एमपीसी संमिश्र संख्या सांभाळते. कंपायलरला गणित कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण तुम्ही प्रोग्रॅममध्ये दोन आकड्यांचा गुणाकार लिहिलात, तर तो चालायची वाट न बघता कंपायलर स्वतःच करून टाकतो आणि उत्तर लिहून ठेवतो. मग ते चुकून कसं चालेल? सोर्ससोबतच एक छोटी स्क्रिप्ट येते, ती या तिघींना घेऊन येते. गुरुजी परत बसले.

मग बांधकाम पार पाडणारं 'मेक' दिलं आणि पंखा सुरू झाला. छतावरचा नव्हे, कॅबिनेटमधला.

आता गंमत अशी की जीसीसी हा स्वतःच सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे. रिचर्ड स्टॉलमनने १९८७ साली पहिल्यांदा बाहेर काढला तेव्हा तो सीमध्ये होता. २०१३ च्या ४.८ पासून तो बांधायला सी प्लस प्लसचा कंपायलर लागतो. म्हणजे कंपायलर बांधायला आधी घरात कंपायलर हवा. इंग्रजीत याला 'बूटस्ट्रॅप' म्हणतात, स्वतःच्या बुटाचा पट्टा धरून स्वतःलाच वर उचलायचं. आपण बूट दाराबाहेर काढणारी माणसं. मला विरजण जवळचं वाटतं. दही लावायला दही लागतं, आणि घरचं संपलं असेल तर वाटी घेऊन शेजारी जावं लागतं.

जीसीसी हे विरजण तीनदा लावतं. पहिल्या फेरीत माझ्या जुन्या ११ ने नवा १३ बांधला. सोर्स १३ चा असला तरी भाषांतर ११ च्या हातचं, तेही पटकन उरकलेलं, कारण या फेरीत ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेग वाढवायची कारागिरी, लावत नाहीत. दुसऱ्या फेरीत या कच्च्या १३ ने तोच सोर्स पुन्हा पहिल्यापासून बांधला. तिसऱ्या फेरीत दुसऱ्याने पुन्हा तोच. आणि शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या फाइली शेजारी शेजारी ठेवून बाइटला बाइट ताडून बघायच्या. पहिली आणि दुसरी जुळणारच नाहीत, कारण त्यांचे आईबाप वेगळे. पण दुसरी आणि तिसरी जुळलीच पाहिजेत. दोघींचा सोर्स एक, आणि बांधणारेही एकाच सोर्समधून आलेले. इथे फरक पडला तर कुठेतरी पाणी मुरतंय.

दुसऱ्या फेरीत गाडी एका फाइलीपाशी अडली. प्रोसेसरच्या चार कोअरपैकी तीन हात बांधून बसले आणि चौथा एकटा 'जिंपल-मॅच' नावाच्या फाइलवर घाम गाळत होता. ही फाइल माणसाने लिहिलेली नसते. नियमांच्या एका यादीतून एक मदतनीस प्रोग्रॅम ती तयार करतो आणि ती अवाढव्य होते. वेळ होताच, म्हणून मी ती यादी उघडली. आत निघाली आपली चौथीची वही! कुठल्याही संख्येत शून्य मिळवलं तर तीच संख्या. एकाने गुणलं तर तीच. संख्येतून तीच संख्या वजा केली तर शून्य. पण या शेवटच्या नियमापाशी अट होती, दशांश संख्या असेल तर हा नियम बेधडक लावू नका. कारण दशांशात 'अनंत' येऊ शकतो, आणि अनंतातून अनंत वजा केला तर शून्य येत नाही, 'ही संख्याच नव्हे' असं उत्तर येतं. अध्यात्मावरच्या प्रवचनात शोभेल अशी ओळ, पण तिच्यामागे कोणाला तरी आलेला खराखुरा बग असणार.

"अजून शिजतंयच?" आई दारातून डोकावून म्हणाली.

"तीन शिट्ट्या व्हायच्यात. दुसरी चाललीय."

"मग गॅस बारीक कर. तो डबा किती तापलाय."

तेवढ्यात लाईट गेली. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी हल्ली एक आवंढा गिळण्याइतकाच वेळ देते. अर्ध्या तासाने लाईट आली. 'मेक' तसं शहाणं, कोणती फाइल कधी बदलली ते बघून झालेलं काम पुन्हा करत नाही. मी निश्चिंतपणे तीच कमांड परत दिली, आणि थोड्या वेळाने तुकडे जोडणारा लिंकर म्हणाला, ही फाइल मला ओळखू येत नाही. बघतो तर शून्य बाइटांची. लाईट जाताना तिचं नाव डिस्कवर पोचलं होतं, मजकूर पोचला नव्हता. 'मेक'ने तारीख ताजी बघितली आणि झाली असं धरून चाललं. अशा शून्य बाइटांच्या फाइली शोधून काढून टाकल्या. पाच निघाल्या. पुढची वाट सरळ होती.

संध्याकाळी पडद्यावर ओळ आली, दुसरी आणि तिसरी फेरी ताडून बघत आहे. मी खुर्ची पुढे ओढली. एक-दोन चेकसमच्या, म्हणजे ओळखीच्या ठशांच्या, फाइली वेगळ्या असल्याची कुरकुर झाली. त्या वेगळ्या असणं अपेक्षितच असतं. आणि मग, तुलना यशस्वी. बस्स, एवढंच. दिवसभराच्या आचेवर दोन शब्द.

खरं तर या जुळण्याने सगळंच सिद्ध होतं असं नाही. यूनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या जनकांपैकी एक केन थॉम्प्सन, त्याचं ट्यूरिंग पुरस्काराचं भाषण १९८४ साली छापून आलं. त्यात त्याने एक अंगावर काटा आणणारी करामत सांगितली. कंपायलरला असं शिकवायचं की लॉगिनचा प्रोग्रॅम बांधताना त्यात एक चोरदरवाजा ठेव, आणि स्वतःचाच सोर्स बांधायला आला तर ही शिकवणही गुपचूप आत घाल. मग सोर्समधून ते सगळं पुसून टाकायचं. सोर्स धुतल्या तांदळासारखा, तरी बांधलेल्या प्रत्येक कंपायलरमध्ये चोर हजर. दुसरी आणि तिसरी फेरीही तंतोतंत जुळतील, कारण चोर दोघींत आहे. विरजणाला वास असला तर दूध कितीही ताजं आणा, दह्याला तो येतोच, आणि उद्याच्या दह्यालाही.

मग पहिलं विरजण आलं कुठून? हा प्रश्न मी आईला टाकला, अर्थात दह्याबद्दल. ती म्हणाली, "नसलंच कुठे तर कोमट दुधात हिरव्या मिरचीची देठं टाकून ठेवायची. पहिलं दही बेताचंच लागतं. ते खायचं नाही, त्याचं विरजण घेऊन दुसरं लावायचं." मी तिच्याकडे बघतच राहिलो. कारण गीक्स नावाच्या लिनक्सच्या मंडळींनी २०२३ साली हेच केलं. आयता कंपायलर विरजणाला न घेता त्यांनी ३५७ बाइटांच्या एका इवल्याशा प्रोग्रॅमपासून सुरुवात केली. त्याला येतं एवढंच की आकडे वाचायचे आणि त्यांचे बाइट लिहायचे. एवढा छोटा की माणूस डोळ्यांनी तपासू शकतो. त्यातून जरा मोठं काहीतरी, त्यातून असेंबलर, त्यातून सीचा तुकडा समजणारा कंपायलर, मग टीसीसी नावाचा छोटा सी कंपायलर, मग जीसीसीची एक पुराणी आवृत्ती, असं चढत चढत आजपर्यंत. कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, वगैरे पातेलं आणि चूल बाहेरचीच, पण देठं मिरचीची.

इकडे माझं दही लागलं होतं, पण चाखायला मिळेना. भाच्याचा प्रोग्रॅम कंपाइल झाला आणि चालवायला गेल्यावर कुरकुरला, जीलिबसीएक्सएक्स ३.४.३२, म्हणजे सी प्लस प्लसच्या लायब्ररीची नवी आवृत्ती, सापडत नाही. कंपायलर नवा होता, पण चालताना प्रोग्रॅम उबुंटूची जुनीच लायब्ररी उचलत होता. नव्या लायब्ररीचा पत्ता दिला, आणि हिशोब उमटला. मेसवाल्याला मुलाकडून ३४० रुपये येणं आहे. एवढ्यासाठी दिवस गेला.

फोटो काढून पाठवला. उत्तर आलं, "भारी मामा! पण १४ घे ना, त्यात 'प्रिंट' हेडर पण आहे."

मी डिस्कवरची जागा बघितली, बांधकामाचं फोल्डर कित्येक जीबी खाऊन बसलं होतं. ते उडवलं. बसवलेलं १३ पण उडवून एकदम १४ लावावं का, असा विचार करत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "सगळं संपवू नकोस रे, विरजणापुरतं ठेव."

ती कोशिंबिरीबद्दल बोलत होती. पण १३ ठेवलंय.