बोगनवेलीला बी का धरत नाही

परवा खालच्या काकू गच्चीत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, एवढी लालभडक फुललीय पण हिला बी धरलेलं कधी बघितलं नाही, खत कमी पडतंय का?" नर्सरीवाल्यानेही मला हेच सांगून बोनमीलची पिशवी गळ्यात मारली होती. पण खताचा काही संबंधच नाहीये हो काकू!

माझी वेल 'मिसेस बट'. 1910 च्या सुमारास कोलंबियातल्या कार्ताहेनाहून ती त्रिनिदादला आली, आणणाऱ्या बाईंचंच नाव चिकटलं. ग्लाब्रा आणि पेरुव्हियाना या दोन जातींचा हा संकर. गुणसूत्रं (पेशीतले आनुवंशिक गुण वाहणारे धागे) 34, म्हणजे 17 इकडची, 17 तिकडची. वाढायला, फुलायला काहीच अडचण येत नाही, पण पराग बनवायची वेळ आली की प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार लागतो आणि इथे तर घराणीच वेगळी, मग काही जुळतात, काही एकटीच भटकतात, वाटणी वाकडीतिकडी होते आणि पराग निघतात पोचट, मग बी धरणार कसं?

बीएस्सीला हे डोळ्यांनी पाहिलंय. (फूल म्हणजे ती रंगीत पानं नव्हेत बरं का, आतली काडीएवढी पांढरट नळी.) परागकोश सुईने फोडायचे, वर ॲसिटोकार्माइन या लाल रंगाचा थेंब, कव्हरस्लिप, की सूक्ष्मदर्शकाखाली बघा. भरलेले कण गोल लाल दिसतात, बाकीचे फिकट, सुरकुतलेले, पाखडल्यावर सुपाबाहेर पडतात ना तसे. अर्थात लाल झाला म्हणजे रुजेलच असं नाही, ते बघायला साखरेच्या पाण्यात परागनळी फुटते का ते बघावं लागतं.

यावर तोडगा लखनौच्या बोटॅनिक गार्डनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ टी. एन. खोशू आणि मंडळींनी 1970 च्या दशकात दाखवला. कोल्चिसिन या रसायनाने गुणसूत्रं दुप्पट केली, 34 ची 68! आता प्रत्येकाला आपलाच जुळा भाऊ मिळाला, पराग सुधारले, आणि वांझ म्हणून सोडलेली वेल पुढच्या संकरांसाठी वापरता आली. हे कोल्चिसिन आपल्या कळलावीच्या कंदातही असतं, म्हणून तर ती विषारी. आणि बी नसतानाही नवे रंग येतातच, एखादी फांदी आपोआप बदलते, पांढरी-गुलाबी 'मेरी पामर' ही मिसेस बटवरच तशी आलेली.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "म्हणजे काडीच लावायची ना?" पेन्सिलीएवढ्या जाड दोन काड्या पेपरात गुंडाळून दिल्या, आणि सोबत बोनमीलची उरलेली पिशवी.